डोंबिवलीतल्या पोरासाठी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना



लागणीच्या आधी आपण बेणेमळा स्वतः जाऊन पाहतो. बेणे किती महिन्यांचे आहे, काणी नाही ना, गवताळ वाढीची बेटे नाहीत ना, याची खात्री पटल्याशिवाय सरीत कांडी टाकत नाही. पण घरातला माणूस दारूपायी वाया चाललाय म्हटल्यावर त्याला कुठे ठेवायचे हे मात्र आपण कुणीतरी हातात दिलेल्या एका कार्डावरून ठरवून मोकळे होतो. असे होऊ नये म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

निमित्त झाले एका सभासदाच्या प्रश्नाचे. त्यांचा मुलगा डोंबिवलीला एमआयडीसीत कामाला. खाडे वाढले, पगार हातात येईना, शेवटी सुनेने गावी फोन केला. शेजारच्यांनी एका केंद्राचे नाव सुचवले : रात्री गाडी येते, चार जण उचलून नेतात, सहा महिने भेट नाही, फोन नाही, आणि बरा करून परत देतात. सभासदाने गट ऑफिसात येऊन एवढेच विचारले, "साहेब, उसाच्या बिलातून पैसे भरतो. पाठवू का?"

आमचे उत्तर असे की, उपचाराला पाठवायचेच, पण आधी केंद्र डोळ्यांनी पाहून मगच.

हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नाही. घाटावरच्या कितीतरी घरांतला एक भाऊ शेती बघतो आणि दुसरा ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे नोकरीला असतो. तिथे भाड्याच्या खोलीत त्याचे काय चालले आहे, हे गावाला कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आणि आपण तर या विषयाकडे पाठ फिरवूच शकत नाही. आपल्याच उसाची मळी. तिच्यापासून इथेनॉल होते, औषधाला लागणारे स्पिरिट होते, तशीच दारूही होते. मळीचा पैसा आपल्या घरी येतो, तर तिच्या दुसऱ्या टोकाला काय होते हेही आपण पाहिले पाहिजे.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. देशात सुमारे 16 कोटी माणसे दारू पितात आणि त्यांतल्या जवळजवळ 3 कोटी लोकांना तिच्यावाचून चालत नाही, असे त्यात दिसले. अशा पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात, आणि दवाखान्यात किंवा केंद्रात राहून उपचार घेणारा तर 180 जणांत एक. म्हणजे बहुतेक घरे हे दुखणे झाकून ठेवतात आणि अगदी गळ्याशी आले की घाईने निर्णय घेतात. घाईत घेतलेला निर्णय हा असा कार्डावरचा असतो.

ज्याचे जळते त्याला कळते

व्यसनमुक्ती केंद्रे अनेक तऱ्हांची आहेत. त्यांतली एक तऱ्हा सभासदांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. या केंद्रात पेशंट काही आठवडे राहतो, आणि त्याच्याशी दिवसभर बोलणारे, त्याला सांभाळणारे बरेचसे लोक स्वतः एके काळी त्याच व्यसनात बुडालेले आणि त्यातून बाहेर आलेले असतात.

या विचाराचे मूळ अमेरिकेत आहे. 1935 साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांना भेटले. डॉक्टरांचे उपदेश आणि बायकामुलांच्या शपथा यांनी जे झाले नव्हते, ते दोघांनी एकमेकांशी खरे बोलल्याने झाले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. तिला सगळे 'एए' म्हणतात. भारतात ती 1957 साली आली. एएला फी नाही, वर्गणीची सक्ती नाही, बाहेरच्याची देणगी ती घेत नाही. आलेल्यांनी आपल्या खुशीने जे द्यायचे त्यावर तिचे चालते. 2020 साली 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत ही वाट इतर चांगल्या उपचारांच्या तोडीची, काही ठिकाणी त्यांच्याहून सरस ठरली.

आपल्याकडे मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. एएची वाट आणि योगासने यांची त्यांनी सांगड घातली. त्यांचे वसईला निवासी केंद्र आहे.

दुसरे नाव पुण्याच्या 'मुक्तांगण'चे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, विळखा पडला. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, मदत देऊ केली, आणि 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी. त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. 1997 साली त्या गेल्या, पण काम थांबले नाही. आज त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात. इथे उपचार घेऊन बरे झालेले कितीतरी जण इथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. मुक्तांगणाला पहिल्यापासून हात देणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. डोंबिवलीकरांना ती लोकलच्या अंतरावर आहे.

या पद्धतीचे बळ कशात आहे? दारुड्याला बाप बोलला की तो ऐकून घेतो आणि संध्याकाळी पुन्हा पितो. पण समोरचा माणूस म्हणाला, "मीही बायकोचे डोरले विकून प्यायलोय, मला काय सांगतोस?" तर तिथे थापा चालत नाहीत, आणि लाजही वाटत नाही. शिवाय हा माणूस सुटला तर आपणही सुटू, एवढी आशा डोळ्यांसमोर बसलेली असते. सहकारात राहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. एकट्याला न झेपणारे काम सारख्याच अडचणीतल्या माणसांनी मिळून करायचे, हेच तर आपण कारखान्यात करत आलो.

मागे डॉक्टर हवाच

पण एक गोष्ट ठासून सांगतो. नुसता अनुभवी माणूस पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा ते चोवीस तासांत हातपाय थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, माणूस भलतेच बरळतो. यात जीवही जाऊ शकतो. या काळात औषधे आणि बी-वन जीवनसत्त्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. "आमच्याकडे औषध-बिवषध नाही, नुसत्या मनाच्या जोरावर सोडवतो," असे म्हणणाऱ्या केंद्रात रोज पिणाऱ्या माणसाला ठेवू नये.

तसेच, पेशंटला न कळता चहात, भाजीत पूड घालण्याच्या जाहिरातींना भुलू नये. काही औषधे अशी आहेत की ती पोटात असताना दारू प्याली तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते. ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची असतात.

केंद्र पाहायला गेल्यावर

घरातल्या दोघांनी दिवसाढवळ्या जावे आणि या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नोंदणी. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था त्यात धरलेल्या आहेत. त्यामुळे अशा पेशंटला ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपण काटा-पावतीसुद्धा मागून घेतो.

दुसरी, डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, आणि रात्री फिट आली तर पेशंटला कुठल्या हॉस्पिटलात नेतात, हे स्पष्ट विचारावे.

तिसरी, बरे झालेले कार्यकर्ते. किती वर्षे व्यसनापासून दूर आहेत, समुपदेशनाचे शिक्षण घेतले आहे का, त्यांच्यावर देखरेख कोणाची? दोन महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्याच्या हातात काठी आणि किल्ल्या दिलेल्या असतील तर तिथून उठावे.

चौथी, वागणूक. मारहाण, साखळी, उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. पेशंटला घरच्यांशी बोलण्याचा, भेटण्याचा हक्क आहे. सुरुवातीचे काही दिवस भेट कमी ठेवण्याचे कारण केंद्र समजावून सांगू शकते. पण सहा महिने तोंडच दाखवणार नाही म्हणणाऱ्यांपासून सावध.

पाचवी, संमती. चांगले केंद्र आधी पेशंटशी बोलते, त्याला यायला तयार करते. तो ऐकण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर कायद्यात वेगळी वाट आहे. दोन तज्ज्ञांनी, त्यांतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने, स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि असा प्रवेश आधी तीस दिवसांपुरताच असतो. रात्री गाडीत कोंबून नेणे ही ती वाट नव्हे.

सहावी, पैसा आणि मुदत. मुक्तांगणाचा मुक्काम पाच आठवड्यांचा असतो. कुठेही गेलात तरी एकूण खर्च किती, औषधे त्यात धरली आहेत का, मध्येच परत आणले तर काय, हे लिहून घ्यावे. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याला गॅरंटीसाठी एक पैसाही देऊ नये.

खोडवा फुटतोच

ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी मिळाले की फुटतो. व्यसनाचेही तसेच. केंद्रातले आठवडे ही नुसती तोडणी झाली. खरे काम पुढचे एक-दोन वर्षे चालते. मध्ये पाय घसरला तर पैसे बुडाले असे समजू नये, पुन्हा लगेच त्याच समुपदेशकाकडे न्यावे.

म्हणून केंद्र निवडताना शेवटचा प्रश्न असा विचारावा की पाठपुरावा कुठे होणार? पोरगा डोंबिवलीत राहणार असेल तर बैठका त्याला ड्यूटी सांभाळून गाठता आल्या पाहिजेत. ठाणे लोकलने जवळ आहे, वसईला दिवा-वसई गाडी कोपरवरून जाते. केंद्र लांबचे असले तरी चालेल, पण पाठपुरावा जवळचा हवा. आणि "गावी आणून शेतावर राबवतो, आपोआप सुटेल," हा बेतही एकट्याने तडीस जात नाही. गावाकडे आणायचेच असेल तर आपल्या तालुक्याच्या ठिकाणी एएची बैठक कधी भरते, याची आधी चौकशी करून ठेवावी.

सुनेलाही विसरू नका. तिने वर्षानुवर्षे सोसलेले असते आणि वर "तूच सांभाळून घ्यायला हवं होतंस" असे ऐकलेले असते. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, आणि दारुड्याच्या घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' नावाच्या वेगळ्या बैठका असतात. तिथे तिने जाणे हा उपचाराचाच भाग आहे. सासू-सासऱ्यांनी तिला जाऊ द्यावे, जमल्यास स्वतःही जावे.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे, आणि मनाच्या कोणत्याही दुखण्यासाठी 'टेलिमानस'चा नंबर 14416. दोन्ही फोन फुकट आहेत. ठाण्याला 1901 सालापासूनचे सरकारी मनोरुग्णालय आहे. तिथेही मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. उचल घ्यायच्या किंवा ठेव मोडायच्या आधी यांतला एक फोन करावा, आणि मग डोंबिवलीची गाडी पकडून पोराशी समोरासमोर बसून बोलावे. तो सकाळी शुद्धीवर असताना बोलावे, रात्री नव्हे.