पुलावरचा रियाज

कीर्ती ऐन भरात असताना कलावंताने मैफली थांबवाव्यात, आणि त्याही कोणी हिणविले म्हणून नव्हे, तर स्वतःच्याच कानांचे समाधान होत नाही म्हणून, हे कोणत्याही देशात विरळाच. अमेरिकेतील जॅझ संगीताचे सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांनी १९५९ साली हे केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ होते.

रॉलिन्स यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. ऐन तारुण्यात हेरॉइनच्या व्यसनाने त्यांना तुरुंगापर्यंत नेले. १९५५ मध्ये लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात राहून त्यांनी ते सोडविले, आणि पुढच्याच वर्षी ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

जॅझमध्ये वादक एखादी परिचित चाल घेऊन तिच्या स्वरसंगतीच्या आधाराने आयत्या वेळी नवी स्वरवाक्ये रचतो. पुष्कळ वादक मूळ चाल एकदा वाजवून बाजूस सारतात. रॉलिन्स तिला सोडीत नसत. तिच्यातील दोन-तीन स्वरांचा तुकडा उचलून ते तो लांबवीत, मोडीत, उलटवीत, वेगळ्याच लयीत बसवीत. बंदिशीच्या मुखड्यातूनच सारी बढत करणारा आपल्याकडील गवई आठवावा! ‘ब्लू सेव्हन’ या रचनेतील हे कसब संगीतज्ञ गुंथर शुलर यांनी १९५८ साली एका लेखात उलगडून दाखविले. लेख स्तुतीचा, परंतु त्याने रॉलिन्स सुखावण्याऐवजी अवघडलेच. जे सहज सुचत होते, त्याकडे आता डोळे रोखून पाहणे आले.

पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीर वादन सोडले. घरी वाजवावे तर शेजारी एक गर्भवती स्त्री. तिची झोपमोड कशी करावी? जवळच ईस्ट नदीवर विल्यम्सबर्ग पूल होता. त्याच्या पादचारी मार्गावर ऊन म्हणू नये, थंडी म्हणू नये, कधीकधी दिवसाचे पंधरा तास त्यांचा रियाज चाले. खाली बोटींचे भोंगे, शेजारून धडधडणाऱ्या आगगाड्या. कितीही जोराने फुंकले तरी तक्रार करणार कोण? १९६१ च्या अखेरीस ते परतले, आणि १९६२ साली ‘द ब्रिज’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत क्रांती शोधणाऱ्या काही टीकाकारांचा हिरमोड झाला. वस्तुतः क्रांती करण्यास ते गेलेच नव्हते. आपला हात आणि आपला श्वास यांचा हिशेब घेण्यास ते गेले होते.

त्याच दशकाच्या अखेरीस ते मुंबईजवळ पवईच्या आश्रमात येऊन राहिले. ध्यानात मन स्थिर होत नाही, ही त्यांची अडचण होती. तेव्हा, वाद्य वाजविणे हेच तुमचे ध्यान, असे स्वामी चिन्मयानंदांनी त्यांना सांगितल्याचे ते पुढे सांगत. वाजविताना विचार करता येत नाही, विचार आधी करावयाचा, ही त्यांची धारणाही त्याच जातीची.

२०१२ नंतर फुप्फुसांच्या विकाराने त्यांचे वादन थांबले. २०१७ साली त्यांचा संग्रह हार्लेममधीलच शॉमबर्ग केंद्राकडे गेला. बोटे, ओठ आणि श्वास यांविषयी वर्षानुवर्षे स्वतःसाठी लिहिलेली त्यांची टिपणे त्या संग्रहात आहेत.