छपरावरचे बर्फ आणि शरदातली तजवीज

२८ जानेवारी १९२२ च्या रात्री, वॉशिंग्टन शहरावर दोन फुटांहून अधिक बर्फ पडलेले असताना, तेथील निकरबॉकर चित्रपटगृहाचे सपाट छप्पर प्रेक्षकांच्या अंगावर कोसळले आणि ९८ माणसे प्राणास मुकली. पुढे २००६ साली, त्याच तारखेस, पोलंडमधील कातोवित्से शहरी कबुतरांचे प्रदर्शन पाहावयास जमलेल्यांपैकी ६५ जण तशाच प्रकारे दगावले. बांधणीचे दोष दोन्हीकडे होते, हे खरे. परंतु त्या दोषांना प्राणघातक स्वरूप आले ते छपरावर साचलेल्या भारामुळे.

हा भार नुसत्या उंचीवरून ओळखता येत नाही, ही गोष्ट दुकाने, वखारी व कारखाने यांच्या मालकांनी प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. नुकतेच पडलेले, कोरडे, एक फूट जाडीचे बर्फ दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो भरते, तर तेवढ्याच उंचीचे, दबलेले किंवा पावसाने भिजलेले बर्फ त्याच्या तिप्पट वजनाचे असू शकते. म्हणजे हजार चौरस मीटरच्या वखारीवर, जमिनीवरून पाहणाऱ्यास काहीच फरक न दिसता, तीस टनांचे नव्वद टन होतात. त्यातही वारा हे बर्फ सारखे पसरू देत नाही: शेजारच्या उंच इमारतीवरून उडालेले बर्फ खालच्या छपरावर, भिंतीच्या कडेला, कठड्याच्या आडोशाला ढिगाने बसते, आणि छप्पर बहुधा तेथेच प्रथम दगा देते.

म्हणून खरा बंदोबस्त शरदातच व्हावयास हवा. छपरावरील पाणी वाहून नेणाऱ्या नळाचे तोंड मूठभर कुजक्या पानांनी बुजते, वितळलेले पाणी तेथेच तुंबते, रात्री पुन्हा गोठते, आणि त्यावर नवे बर्फ पडते. पानगळ संपताच एका मजुराने तासाभरात केलेली सफाई हे सारे टाळते. बर्फ काढण्याचा मक्ताही हंगामापूर्वीच ठरवावा, कारण वादळ आल्यावर सारे शहर एकाच मक्तेदाराच्या दारी उभे असते. काढताना एक बाजू साफ करून दुसरी भरलेली ठेवणे किंवा काढलेले बर्फ छपरावरच एके ठिकाणी रचणे हे न काढण्याहूनही घातक ठरू शकते. ते थराथराने, दोन्ही बाजूंनी समतोल राखून उतरवावे. दरवाजे अकस्मात अडकू लागले, छताला पोक आला किंवा तुळयांतून कडकड ऐकू आली, तर मालाची चिंता न करता माणसे तत्काळ बाहेर काढावीत.

नळांची कथा थोडक्यात सांगता येईल. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि बर्फाचा बोळा व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब नळ फोडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसचा पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला आणि लक्षावधी घरांची वीज गेली, तेव्हा टेक्ससमध्ये असे असंख्य नळ फुटले. आग विझविणाऱ्या फवाऱ्यांच्या पाणीभरल्या नळांभोवती निदान चार अंश उष्णता टिकविणे अवश्य आहे, मग वखार सुट्टीत रिकामी असो वा नसो. पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे, हे मालकाबरोबरच रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही प्रत्यक्ष नेऊन दाखवावे, आणि तो एकदा त्याच्या हाताने फिरवून घ्यावा.