शाळेतील संगणक व म्युझिक प्लेअर : किरकोळ बिघाडांची पारख

खटाव-माणचा मुलूख पर्जन्यछायेतील. वर्षातील बराच काळ हवेत धूळ असते, आणि विजेचा दाबही कधी कधी कमीजास्त होतो. औंध परिसरातील शाळांच्या संगणकांस हे दोन्ही जाच सोसावे लागतात. संगणक बंद पडला की त्यावर कापड टाकून कारागिराची वाट पाहण्याचा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. तेवढ्यात सत्र सरते, आणि ज्या मुलांच्या घरी संगणक नाही त्यांस पुस्तकातील चित्रावरच समाधान मानावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या औंध संस्थानच्या जागेत कारखाना उभारला, त्या मुलखात यंत्राचे इतके भय असू नये.

बिघाड शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम त्याच प्लगमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते की नाही ते पाहावे. मग तारा दोन्ही टोकांस घट्ट बसवाव्यात. पेटीवरील दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी पडद्याची स्वतंत्र तार व त्याचे बटन तपासावे. चालू करताच पेटीतून पुनःपुन्हा ‘बीप’ असा आवाज येत असल्यास बहुधा स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, नीट बसलेली नसते. वीज तोडून व प्लग काढून चालू करण्याचे बटन काही सेकंद दाबावे, पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, पट्टी अलगद काढून तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी आणि खटकन आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावी. विजेचा डबा व यूपीएस मात्र शिक्षकाने कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक वीज शिल्लक राहू शकते.

एक बिघाड विशेष फसवा आहे. संगणक चालतो, इंटरनेटही असते, परंतु वेतनाचे वा यू-डायसचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. दोष पुष्कळदा इंटरनेटकडे दिला जातो. अशा वेळी कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल तर संकेतस्थळाचे प्रमाणपत्र संगणकास अद्याप लागूच न झालेले वाटते. तारीख दुरुस्त केली की काम चालते. ती पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर आतील नाण्याएवढा सेल संपला, असे समजावे. बहुतेक संगणकांत तो सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा असतो. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर.

हा जुना सेल टेबलावर कधीही ठेवू नये. लहान मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. तशी शंका आली तरी उलटी न करवता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

म्युझिक प्लेअरच्या तक्रारी त्यामानाने साध्या असतात. औंधच्या संगीतोत्सवाची परंपरा मुलांस सांगताना गायन ऐकवावे, तर नेमका एकाच कानात आवाज येतो. येथे तार अर्धवट खोचलेली असते, अथवा छिद्रात कापसाचा धागा अडकलेला असतो. दुसरा हेडफोन लावून पाहिले की दोष कोणाचा ते कळते. पेनड्राइव्हवरील गाणी स्पीकर वाचत नसेल तर पेनड्राइव्ह बहुधा एनटीएफएस रचनेचा असतो. तो फॅट ३२ रचनेत फॉरमॅट करावा. त्याने सारा मजकूर पुसला जातो, म्हणून आधी नक्कल काढून ठेवावी.

प्लेअर फुगलेला दिसला तर मात्र दुरुस्तीचा विचारच नको. आतील लिथियम बॅटरी बिघडलेली असते. ती चार्ज करू नये, दाबू वा टोचू नये. कपाटापासून व कागदांपासून दूर ठेवून जाणकाराच्या स्वाधीन करावी.