साडेआठ अंश उत्तरेला

ट्रॉम्सोच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत उभ्याउभ्याच वहीत वजाबाकी केली. जायचं होतं ते स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन ७८.२५ अक्षांशावर, ट्रॉम्सो ६९.६८ वर. फरक साडेआठ अंशांहून जरासा जास्त. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, तर साडेनऊशे. रेखांशातही साडेतीन अंशांचा फरक आहे, पण तो फारसा अंगाला लागत नाही. मुंबईच्या अक्षांशावर दोन रेखांशांमध्ये १०५ किलोमीटर असतात, लाँगइयरब्येनला जेमतेम २३. वर जावं तसे रेखांश एकमेकांना बिलगत जातात. सगळं मिळून ९६० किलोमीटर.

(मुक्काम नॉर्वेतच, तरी पासपोर्ट तपासतात, स्वालबार्ड शेंगेनच्या हद्दीबाहेर आहे. आपल्या लोकांनी दोनदा प्रवेशाचा व्हिसा काढूनच निघावं, नाहीतर परत येताना अडकायला होतं.)

ताशी आठशेच्या वेगाने हे अंतर सव्वा तासात कापलं जायला हवं. वेळापत्रकात मात्र एक तास चाळीस मिनिटं लिहिलेली. विमान जागेवरून हललं की ही वेळ सुरू होते आणि पलीकडे थांबलं की संपते. त्यात नुसतं उडणं धरलेलं नाही, जमिनीवरचं रखडणंही आहे.

आमचं विमान थोडं सरकलं आणि थांबलं. मार्चची सकाळ, भुरभुर बर्फ. एक गाडी पंखाशी आली. तिच्या उंच दांड्यावरच्या पाळण्यातला माणूस गरम, नारिंगी द्रव फवारू लागला. पंखाच्या टोकापासून सुरुवात करून तो सावकाश विमानाच्या अंगाकडे येत होता. वाफेत क्षणभर दिसेनासा झाला. पुन्हा दिसला तेव्हा पाळणा मागे घेऊन, झालेल्याच एका जागेवर परत फवारत होता. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसलं असणार. पॉलिश कागदाइतका खरखरीत, पातळ थरही पंखाची उचल घटवायला पुरतो. मग हिरवा, दाट द्रव आला. पडणारं बर्फ तो ठरावीक वेळच पंखावर धरू देत नाही. तेवढ्यात उड्डाण झालं नाही, तर सगळं पहिल्यापासून. शेजारचे गृहस्थ घड्याळ बघत होते. मला वाटत होतं, या माणसाला हवा तेवढा वेळ घेऊ दे.

वर गेल्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या वाटेच्या जरा पुढे, साडेचौऱ्याहत्तर अंशांवर ब्यॉर्नओया बेट लागतं; ते ढगाखालीच राहिलं. या समुद्रावर गरज पडली तर उतरायला जागा नाही, म्हणून तिकडे धुकं निघालं तर मुख्य भूमीवर परतता येईल इतकं इंधन सोबत असतं.

लाँगइयरब्येनची धावपट्टी खाडीच्या काठाने, डोंगराच्या पायथ्याशी आहे. विमानतळ १९७५ साली सुरू झाला, तोही कायम गोठलेल्या जमिनीवर. आता उन्हाळे तापू लागलेत, वरचा थर जास्त खोलवर वितळतो, धावपट्टी जागोजागी खचते आणि डांबराची डागडुजी करावी लागते. चाकं टेकल्यावर बसलेल्या दोन-तीन हलक्या हिसक्यांकडे माझं म्हणूनच लक्ष गेलं.

विमान थांबलं. खाली जाड जाकिटातल्या एका बाईने गुडघा टेकून चाकापुढे ठोकळा सरकवला, हाताने दाबून पाहिला, मग दुसरा लावला. माझ्या घड्याळात दोन तास सात मिनिटं झाली होती.