फुलांचे अत्तर, गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि दुकानदाराची जबान

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे निघाले की पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा लागते. अशा गावच्या बाजारात कापड, चपला, बांगड्या, मसाले यांच्या रांगेत एखादा अत्तरवाला पेटी उघडून बसलेला असतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर हमखास. भांडवल थोडे, ओझे हलके आणि माल लवकर नासत नाही, म्हणून आपल्या बऱ्याच तरुणांनी या धंद्यात पाऊल ठेवले आहे. धंदाही इज्जतीचा. चांगल्या सोबत्याला प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी कस्तुरी विकणाऱ्याची उपमा दिली आहे, त्याच्याकडून काही घेतले नाही तरी निदान सुवास तरी मिळतो.

अलीकडे मात्र या पेटीभोवती एक नवीच बोली ऐकू येते. "भाईजान, तुमचा मिजाज शांत दिसतो, तुम्ही गुलाब घ्या." "हसऱ्या माणसाला मोगरा." "ज्याला चार माणसांवर हुकूम चालवायचा त्याला हिना." मोबाइलवरच्या जाहिराती याच्याही पुढे जाऊन जन्मतारखेवरून अत्तर सुचवतात. गिऱ्हाईक खूश होते, शिशी खपते. पण यात व्यापार किती आणि भविष्यकथन किती, याचा हिशोब व्यापारी बांधवांनी एकदा मांडायला हवा.

आमच्या मते फुलाच्या वासावरून माणसाचा स्वभाव ओळखता येत नाही. साधा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. युरोपात फुलांचा सुगंध म्हणजे बायकांचा, असे दुकानदार मानत आले. पुरुषांसाठी लाकूड, मसाले, लिंबू यांचे वास ठेवायचे. आपल्याकडे मशिदीचे इमाम गुलाब लावतात, तालमीतला पहिलवान मोगऱ्याचा फाया कानात ठेवतो, नवरदेवाला केवडा चालतो. फूल तेच, माणसाबद्दलचा निष्कर्ष मात्र मुलखागणिक बदलतो. म्हणजे स्वभाव अत्तरात नसून ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो. हदीसमध्ये पुरुषाच्या आणि स्त्रीच्या सुगंधात फरक सांगितला आहे, पण तो वास किती पसरावा आणि रंग दिसावा की नाही याचा आहे. कोणते फूल कोणाचे, याचा नाही.

आमच्या ओळखीचे एक शिंपी आहेत. दिवसभरात दहा वाक्ये बोलतील तर शपथ. ते वर्षानुवर्षे मोगराच घेतात. एका नवख्या विक्रेत्याने त्यांना "तुम्हाला मोगरा शोभत नाही, चाचा, गुलाब घ्या" असे सांगितले. चाचांनी काही न बोलता शिशी परत ठेवली आणि उठून गेले. पुढे कधीतरी त्यांच्याच तोंडून कळले की त्यांची अम्मी उन्हाळ्यात पदराला मोगऱ्याच्या कळ्या बांधून ठेवीत असे. वासाचा आठवणीशी संबंध फार जवळचा आहे. माणूस कोणता वास मागतो ते बहुतेक वेळा यावरून ठरते, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

मग गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचाच नाही काय? जरूर द्यावा. पण ज्याला आधार आहे तो. जुने अत्तरवाले मोसम पाहून माल काढीत. उन्हाळ्यात गुलाब, मोगरा, केवडा, खस, मिट्टी. थंडीत हिना, शमामा, ऊद. मराठवाड्याच्या मे महिन्यात हिना लावून एस.टी.त बसलेल्या माणसाला, आणि त्याच्या शेजाऱ्याला, यामागचे शहाणपण आपोआप कळते. दुसरी गोष्ट कातडीची. कोरड्या कातडीवरून वास लवकर उडतो, तेलकट कातडीवर टिकतो. कपड्यावर आणखी टिकतो, पण गडद अत्तराचा पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडतो, हे विकण्याआधी सांगावे. तिसरी गोष्ट कामाची. ज्याला दिवसभर माणसांच्या जवळ बसायचे आहे, उदाहरणार्थ न्हावी किंवा शिक्षक, त्याला दाट मोगरा देताना जपावे. मोगरा-चमेलीत इंडोल नावाचे द्रव्य असते. ते थोडे असले तर फूल जिवंत वाटते; जास्त झाले तर डोके धरते. आणि एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त शिश्या हुंगायला देऊ नयेत, नाक थकते. हाताच्या पाठीवर लावून गिऱ्हाइकाला बाजारात अर्धा तास फिरून यायला सांगावे. परत येणारे गिऱ्हाईक पक्के असते.

आता खरा मुद्दा शिशीत काय आहे याचा. कनौजची जुनी रीत अशी: तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, खाली मंद आंच, बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीच असलेले चंदनाचे तेल तो सुगंध धरून ठेवते. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण चंदन महाग झाल्यावर त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आणि डी.ई.पी. नावाचे रसायन शिरले. ही कनौजमधलीच गोष्ट आहे, लपवण्यासारखी नाही. (गुलाबाच्या तेलाचा शोध जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नूरजहाँची आई अस्मत बेगम यांच्या नावावर नोंदवला आहे. तेलाचे नाव मात्र 'इत्र-ए-जहांगीरी' पडले!)

हिशोब करून पाहा. एक किलो शुद्ध गुलाबतेलाला सुमारे ३ ते ५ हजार किलो फुले लागतात. चार हजार धरली तर एका तोळ्याला, म्हणजे ११.६६ ग्रॅमला, सुमारे ४६-४७ किलो फुले झाली. फुले १०० रुपये किलो धरली तरी नुसत्या फुलांचेच साडेचार हजारांच्या वर जातात. जळण, मजुरी, नफा वेगळा. मग पन्नास रुपयांच्या शिशीत 'रूह गुलाब' कुठून येणार?

येथे गैरसमज नको. कृत्रिम सुगंध विकण्यात गुन्हा नाही. त्याचा मोठा उद्योग आपल्या महाराष्ट्रातच उभा राहिला. एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत १९२२ साली सुरू झाली. आसामातून आलेल्या हाजी अजमल अली यांनी १९५१ मध्ये मुंबईतच सुगंधाच्या व्यापाराचा पाया घातला आणि तो पुढे आखाती देशांत पोहोचला. तयार सुगंध मिळाले म्हणूनच गरिबाला ईदच्या दिवशी गुलाब परवडतो. गुन्हा आहे तो कृत्रिमला असली म्हणण्यात. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारी आणि फसवणाऱ्याला आपल्यातला न मानणारी हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ असते. अत्तरात ओलावा दिसत नाही, एवढाच फरक.

ठोक माल घेताना दोन साध्या परीक्षा करता येतात. थोड्या शुद्ध स्पिरिटमध्ये चार थेंब टाकून हलवावे. पॅराफिन असेल तर ते विरघळत नाही, मिश्रण गढूळ होते किंवा तेल वेगळे पडते. डी.ई.पी. मात्र स्पिरिटमध्ये विरघळते, तेथे ही परीक्षा फसते. त्यासाठी पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून नीट ढवळावे. गुलाबतेल आणि चंदनतेल दोन्ही पाण्याहून हलकी, डी.ई.पी. जड. गुलाबाच्या नावाचा थेंब तळाशी बसला तर जड रसायन भरपूर आहे असे समजावे. यावरून माल शुद्धच आहे असे सिद्ध होत नाही. फक्त ढोबळ भेसळ पकडता येते. बाकी भरवसा ठोक विक्रेत्याच्या पावतीवर, म्हणून पावतीवर 'अत्तर' एवढेच न लिहिता चंदनबेस, पॅराफिनबेस की कंपाउंड ते लिहून मागावे. जो लिहून देत नाही त्याच्याकडचा माल कंपाउंडच्या भावानेच घ्यावा.

मापाचेही तसेच. बोलताना तोळा चालतो, पण वैध मापन कायद्याप्रमाणे विक्री ग्रॅम किंवा मिलिलिटरमध्येच करावी लागते. पाव तोळा म्हणून दिली जाणारी शिशी ३ मिलिलिटरची असते. जाड बुडाच्या शिशीत ती मोठी दिसते आणि माल कमी बसतो. नवीन शिश्यांचा डझन आणला की एक शिशी पिचकारीने पाणी भरून मोजून घ्यावी.

पेटीतच तीन कप्पे करावेत: चंदनावरचे, इतर तेलावरचे आणि कंपाउंड. स्प्रेच्या बाटल्या चौथीकडे, कारण त्यांत बहुधा अल्कोहोल असते आणि नमाजी गिऱ्हाईक ते विचारतेच. प्रत्येक कप्प्यावर मराठीत आणि उर्दूत चिठ्ठी लावावी. "माझ्या स्वभावाला कोणते?" असे कोणी विचारलेच, तर त्याच्या हाताच्या पाठीवर दोन वेगळे थेंब लावावेत आणि अर्ध्या तासाने त्यालाच विचारावे.