सोवळ्यातून श्रद्धेकडे

श्रद्धा एका दिवसात येते का? लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी वेगळेच सांगते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळेच! पण रोजच्या सहवासात मनाला प्रश्न पडला, जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर सापडले आणि सोवळे सुटले, बाप्तिस्मा त्यानंतर. प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. हा सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत सांगितला आहे.