धोटा आणि चुंबक



वडगावच्या ज्या घरात मी वाढलो, तेथे भिंतीला लागूनच दोन यंत्रमाग चालत. वडिलांशी बोलावयाचे तर त्यांना खुणेने बाहेर न्यावे लागे. पुढे पुढे माग बंद असतानाही त्यांना ओरडून सांगावे लागू लागले. या गोंगाटाचे मूळ मला याच शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाने उमगले.

२० नंबरी सुताचा एक मीटर धागा सुमारे ०.०३ ग्रॅम भरतो. तेवढा बाणा पलीकडे नेण्यासाठी आपण ४०० ग्रॅमांचा धोटा फटक्याने भिरकावतो आणि लगेच अडवून थांबवितो. वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर प्रत्येक फेकीस २० ज्यूल ऊर्जा लागते. तिचा बहुतेक भाग उष्णता, झीज आणि आवाज यांत जातो. जॉन के याने १७३३ साली उडत्या धोट्याचे पेटंट घेतले, तेव्हापासूनची ही रीत.

फटक्यावाचून धोटा हलविता येईल काय? तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की खिळा आत ओढला जातो, हे आपण प्रयोगशाळेत पाहिले आहे. मात्र खिळा मध्यावर येताच वीज तोडावी लागते. एरवी तेच वेटोळे त्याला मागे खेचते. दुसरा मार्ग १९५०च्या दशकात मँचेस्टर येथे एरिक लेथवेट यांनी अभ्यासिला. विजेच्या मोटारीचा स्थिर भाग उलगडून सपाट मांडला, की चुंबकीय क्षेत्र गोल न फिरता सरळ धावते आणि धातूला स्पर्शावाचून ओढते. ध्रुवांतर १० सेंटिमीटर व वीज ५० आवर्तनांची असल्यास क्षेत्राचा वेग सेकंदाला १० मीटर होतो; धोटा किंचित मागे राहतो. क्षेत्राची दिशा उलटविली की तेच ब्रेक होते.

मग हे माग घरोघरी का आले नाहीत? वेग घेण्यास वीतभरच जागा असते. २० सेंटिमीटरांत २० ज्यूल द्यावयाचे, तर सरासरी १०० न्यूटन बल हवे. मधल्या फटीमुळे त्यासाठी मोठा प्रवाह लागतो आणि वेटोळी तापतात. दरम्यान इतरांनी ओझेच कमी केले. १९५३ पासून सुल्झर मागावर सुमारे ४० ग्रॅमांचा पकडगोळा धागा नेऊ लागला. पुढे हवेच्या व पाण्याच्या झोतांचे माग रुळले. सरळ धावणारी मोटार मात्र बर्मिंगहॅम विमानतळावरील चुंबकीय गाडीत १९८४ ते १९९५ या काळात चालली.

आपल्या गल्ल्यांत धोट्याचे माग अजून आहेत. त्यांचा खडखडाट विणकराचे प्राक्तन नव्हे, ती वाया जाणारी ऊर्जा आहे. माग बदलणे आपल्या हाती नसेल, तर निदान मागावर उभ्या असलेल्याच्या कानांत बोळे तरी असावेत. माझ्या वडिलांना हे सांगणारे कोणी नव्हते.